वजा चिन्हाची चाळीस वर्षे

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या अमेरिकी राज्यांच्या सीमेवर एक विस्तीर्ण दलदल आहे. तिचे नाव ‘ग्रेट डिस्मल स्वॉम्प’, मराठीत म्हणायचे तर थोरली उदास दलदल. १७६३ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने काही भागीदार जमवून ही दलदल उपसण्याचा आणि तिच्यातून लाकूड व जमीन मिळवण्याचा घाट घातला. चर खणायला गुलाम होते. त्यांनी खणलेला एक चर आजही वॉशिंग्टनच्याच नावाने ओळखला जातो, आणि मालकांकडून पळालेले गुलाम याच दलदलीतल्या उंचवट्यांवर लपून राहत. दलदल काही पुरती उपसली गेली नाही. चर मात्र राहिले, आणि त्यांच्यामुळे पाण्याची पातळी कायमची बिघडली. १९७४ मध्ये या भागाचे वन्यजीव अभयारण्य झाले. पुढे जवळच्याच हॅम्प्टनमधल्या नासाच्या लँग्ली केंद्रातले रॉबर्ट हॅरिस आणि डॅनियल सेबॅकर, तसेच नॉरफोकच्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातले फ्रँक डे, येथे मिथेन मोजायला आले. मिथेन मोजायला दलदलीत जाणे ही स्वाभाविकच गोष्ट होती. चिखलातून बुडबुडे येतात आणि ते पेटतात, हे व्होल्टाने १७७६ मध्येच इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी दाखवले होते. पाणी साचलेले असताना या दलदलीनेही अपेक्षेप्रमाणे मिथेन सोडला. पण दुष्काळात पाणी खाली गेले, वरची माती उघडी पडली, आणि आकडा उलटा आला. जमिनीतून मिथेन हवेत जात नव्हता. हवेतला मिथेन जमिनीत जात होता. चौरस मीटरमागे दिवसाला फार तर पाच मिलिग्रॅम. हा निष्कर्ष १९८२ मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला.

जमिनीतून हवेत जाणारा वायू अधिक आणि हवेतून जमिनीत जाणारा वजा, असा या शास्त्रातला हिशेबाचा संकेत आहे. त्या वजा चिन्हाचा पुढच्या चाळीस वर्षांतला प्रवास हा या लेखाचा विषय. तो बहुतांशी अमेरिकेच्या ईशान्येकडल्या दोन-चार जंगलांत घडला. एरवी हा इतिहास ‘जंगलाची माती मिथेन शोषते असा शोध लागला’ एवढ्या एका वाक्यात सांगितला जातो. मला ते वाक्य अपुरे वाटते, आणि काहीसे दिशाभूल करणारेही. माती मिथेन शोषते हे खरे, पण शोषणे हा काही जंगलाच्या अंगचा कायमचा गुण नव्हे. ती मातीची एक अवस्था आहे; येते आणि जाते. हे कळायला नवे यंत्र लागले नाही की नवा सिद्धांत लागला नाही. त्याच जागी, त्याच प्रकारच्या डब्याने, वीस-वीस वर्षे मोजत राहावे लागले. आणि ज्यांनी एकदाच मोजले त्यांचे आकडे कितीही अचूक असले तरी त्यांवरून काढलेला जागतिक हिशेब कच्चाच राहिला.

सुरुवातीला या वजा चिन्हाकडे कोणी मुद्दाम पाहत नव्हते. हवेत मिथेन आहे हेच मुळात १९४८ मध्ये कळले. ओहायो राज्य विद्यापीठात काम करणारे बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिजोट यांना सूर्यप्रकाशाच्या अवरक्त वर्णपटात त्याच्या खुणा दिसल्या. १९८०च्या दशकाच्या आरंभी हवेतला मिथेन वाढतो आहे हे स्पष्ट झाले, तेव्हा सगळ्यांचे लक्ष उगमांकडे गेले: भातशेती, गुरे, कोळसाखाणी, दलदली. चोराचा तपास चालू असताना घरात भर कोण घालतो आहे याची चौकशी कोण करणार? १९८३ मध्ये हार्वर्डच्या मायकेल केलर, स्टीव्हन वॉफ्सी, मायकेल मॅकेलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेझॉनच्या आणि न्यू इंग्लंडच्या जंगलांतल्या मातीवर निबंध लिहिला, तोही मुख्यतः नायट्रस ऑक्साइडसाठी, म्हणजे ओझोनच्या काळजीपोटी. अमेझॉनची माती नायट्रस ऑक्साइड भरपूर सोडते, न्यू इंग्लंडची त्याच्या तिसाव्या हिश्श्याइतकाच, हे त्या निबंधाचे मुख्य सांगणे. मिथेन मात्र दोन्हीकडे मातीत जात होता. ती नोंद निबंधाच्या मथळ्यापर्यंत पोचली, हेही काही कमी नव्हे. दुष्काळी दलदलीतली गोष्ट हा अपवाद नाही, कोरड्या जमिनीवरचे साधे जंगलही तेच करते, हे तिथून पुढे धरून चालता आले.

मातीत नेमके काय होते, हे मराठी वाचकाला समजावताना एका शब्दाने काम सोपे होते: वाफसा. पाऊस पडून गेल्यावर रान चिखलाचे राहत नाही, पण ओलही टिकून असते, हातात घेतलेले ढेकूळ दाबले की फुटते, तेव्हा शेतकरी ‘वाफसा आला’ म्हणतो आणि औत जुंपतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी ही स्थिती. मिथेन खाणारे जीवाणू मातीत वरच्या पाचोळ्याच्या थराखाली, काही सेंटीमीटर खोलीवर सर्वाधिक काम करतात. मेन विद्यापीठातले गॅरी किंग आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात मातीचे थर वेगवेगळे करून हे दाखवले. म्हणजे हवेतल्या मिथेनला तिथवर पोचायला पोकळ्यांतून वाट हवी. त्या पाण्याने भरल्या की वाट बंद, कारण वायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यातून पसरतो. उलट माती पार कोरडी झाली तर जीवाणूच सुस्तावतात. या जीवाणूंचे एक कोडे बराच काळ सुटत नव्हते. मिथेनवर जगणारा जीवाणू १९०६ मध्येच हॉलंडमध्ये सोन्गेन यांना सापडला होता, पण प्रयोगशाळेत वाढवलेल्या जातींना भरपूर मिथेन लागे. हवेतल्या दहा लाखांत दोनहून कमी भागांवर त्यांचे पोट भरत नसे. निव्वळ हवेतल्या मिथेनवर वाढणारा जीवाणू शुद्ध स्वरूपात हाती यायला २०१९ उजाडावे लागले, आणि तो आला नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथल्या संशोधकांच्या हाती. तोवर मातीतले हे काम कोण करते ते पुरते माहीत नसतानाच त्याचे मोजमाप चालू होते.

मोजमापाचे साधन पाहिले तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. पीव्हीसीचे एक कडे जमिनीत कायमचे रोवून ठेवायचे. मोजायच्या दिवशी त्यावर साधारण एकोणतीस सेंटीमीटर व्यासाचा आणि चार सेंटीमीटर उंचीचा पीव्हीसीचाच डबा, म्हणजे जेमतेम पोळ्यांच्या डब्याएवढा, पालथा बसवायचा. झाकणाच्या मध्यभागी रबरी बूच असते. सुई टोचून सिरिंजने थोडीशी हवा ओढायची: शून्याव्या मिनिटाला, दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या. ती निर्वात केलेल्या काचेच्या कुपीत भरायची, कुप्या प्रयोगशाळेत न्यायच्या आणि गॅस क्रोमॅटोग्राफमधून मिथेन किती ते पाहायचे. चार आकडे कागदावर मांडले की रेषा उतरती दिसते. ती किती उतरते त्यावरून शोषणाचा वेग. थोडा हिशेब केला तर या पद्धतीचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात. दिवसाला चौरस मीटरमागे एक मिलिग्रॅम मिथेन शोषला जात असेल, तर अशा उथळ डब्यातल्या मिथेनचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग अर्ध्या तासात नाहीसा होतो. हे सहज दिसते. तोच वेग दहा टक्क्यांवर आला तर फरक इतका बारीक होतो की यंत्राच्या आणि हाताच्या चुकांत तो हरवू शकतो. पुढे येणाऱ्या वादात ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागेल.

१९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावच्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये एक प्रयोग सुरू झाला. हे जंगल १९०७ पासून हार्वर्डच्या ताब्यात आहे, पण त्याला अस्पर्श अरण्य समजू नये. एकोणिसाव्या शतकात इथे कुरणे आणि शेते होती. ती सोडून लोक पश्चिमेला आणि शहरांत गेले, आणि त्या मोकळ्या जमिनीवर झाडे परत आली. आजही झाडीत जुन्या बांधांच्या दगडी भिंती दिसतात. वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेतले पॉल स्टॉयडलर, रिचर्ड बोडेन व जेरी मेलिलो आणि न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले जॉन एबर यांना आम्लवर्षेबरोबर येणाऱ्या नत्राचा परिणाम पाहायचा होता. त्यांनी रेड पाइनच्या आणि पानझडी झाडांच्या तुकड्यांत अमोनियम नायट्रेट टाकले. दुसऱ्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: नत्र घातलेल्या तुकड्यांत मिथेनचे शोषण सुमारे एक तृतीयांशाने घटले. १९९१ मध्ये आर्विन मोझियर आणि सहकाऱ्यांनी कोलोरॅडोच्या गवताळ माळावर खत घालून आणि नांगरून तसेच दाखवले. कारणही पटण्यासारखे होते. जीवाणूचे जे एन्झाइम मिथेन फोडते त्याला मिथेन आणि अमोनिया यांतला फरक नीट कळत नाही. अमोनिया वाढला की ते भलत्याच कामात गुंतते.

या निष्कर्षाला पाहता पाहता सिद्धांताचे वजन आले, आणि ते समजण्याजोगे आहे. गोष्ट सुबक होती. कारखाने, मोटारी आणि खते नत्र सोडतात, नत्र पावसातून जंगलात पडते, जंगलाची माती मिथेन शोषण्याचे काम सोडते: एका प्रदूषणातून दुसरे. शहरांत तपासल्यावर तिला पुष्टीही मिळाली. पीटर ग्रॉफमन यांच्या गटाने न्यूयॉर्क शहरातल्या झाडीपासून कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड परगण्यापर्यंतच्या जंगलांच्या मातीची तुलना केली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात शहराकडच्या जंगलांत शोषण कमी आढळले. पुढे बाल्टिमोरमध्ये तर घरांपुढच्या हिरवळीत ते जवळजवळ शून्यावर आलेले दिसले. अमेरिकी घरमालक आपल्या हिरवळीची जी सेवा करतो ती पाहता यात नवल नाही. पण त्याच १९९०च्या दशकात हार्वर्ड फॉरेस्टच्या मंडळींनीच, मार्क कॅस्ट्रो यांच्या पुढाकाराने, आणखी एक गोष्ट छापली होती: समशीतोष्ण जंगलांत शोषणाचा वेग ठरवणाऱ्या गोष्टींत मातीतला ओलावा अग्रभागी आहे, पोकळ्या साठ टक्क्यांहून अधिक पाण्याने भरल्या की शोषण ढासळू लागते. म्हणजे नत्र आणि पाणी असे दोन साक्षीदार सुरुवातीपासून हजर होते. नत्राची साक्ष जास्त ऐकली गेली, कारण नत्रावर कायदा करता येतो. पावसावर कोण कायदा करणार?

दरम्यान जागतिक हिशेबात या शोषणाला एक आकडा मिळाला. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाच्या १९९० च्या पहिल्या अहवालात मातीचे मिथेन-शोषण वर्षाला ३० दशलक्ष टन धरले होते. मर्यादा १५ ते ४५. तीस वर्षांनी, २०२० मध्ये निघालेल्या जागतिक मिथेन-ताळेबंदातही मधला आकडा ३०च होता. मर्यादा मात्र ११ ते ४९ अशी रुंदावली होती. तीस वर्षांच्या मोजणीनंतर अनिश्चितता वाढते, हे दाखवणारे हे आकडे मला या सगळ्या प्रकरणातले सर्वांत बोलके वाटतात. हा आकडा ठरतो कसा, तर जगभरच्या सुट्या मोजण्यांची सरासरी काढून ती जंगलांच्या, गवताळ प्रदेशांच्या क्षेत्रफळाने गुणायची, किंवा त्याच मोजण्यांवर बेतलेले संगणकी प्रतिमान चालवायचे. त्यातल्या कित्येक मोजण्या एखाद-दोन हंगामांच्या, बहुधा उन्हाळ्यातल्या, बहुधा दिवसा घेतलेल्या. अपुऱ्या मोजणीवरचा आकडा किती महागात पडतो हे भारताने त्याच सुमारास अनुभवले होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजाने भारतीय भातशेतीच्या नावावर वर्षाला जवळपास ३८ दशलक्ष टन मिथेन मांडला होता. १९९१ मध्ये ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने देशभर खाचरांत डबे बसवून मोजले, तेव्हा तो सुमारे ४ दशलक्ष टन निघाला. त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी वॉशिंग्टनच्या एका संस्थेशी जो वाद घातला, त्याचा गाभाही निसर्गाच्या शोषणशक्तीवर हक्क कोणाचा हाच होता. वजा चिन्हालाही राजकारण असते. पण तो वेगळा विषय.

हिशेब असा स्थिरावलेला असताना ग्रॉफमन आणि त्यांचे सहकारी दोन ठिकाणी त्याच कड्यांवर तेच डबे पालथे घालत राहिले. एक ठिकाण बाल्टिमोर: शहरातल्या उद्यानांमधली जुनी झाडी आणि शहराबाहेरचे ऑरेगॉन रिजचे जंगल. दुसरे न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समधले हबर्ड ब्रूक. हबर्ड ब्रूक हे नाव अमेरिकी पर्यावरणविज्ञानात आधीच मोठे होते. वनखात्याने १९५५ मध्ये पाणलोटांच्या अभ्यासासाठी राखलेल्या या जंगलात १९६३ मध्ये जीन लायकेन्स आणि हर्बर्ट बोरमन यांच्या गटाने पावसाचे पाणी गोळा केले, ते अनपेक्षित आम्ल निघाले, आणि आम्लवर्षेचा अमेरिकेतला अभ्यास तिथून उभा राहिला. ती मोजणीही वर्षानुवर्षे न थांबता चालली म्हणूनच १९९०च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या दुरुस्त्यांमागे आणि नंतरच्या घटीमागे आकडे उभे राहू शकले. आम्ल पावसाने मातीतला कॅल्शियम वाहून गेला होता. तो भरून काढला तर जंगल कसे वागते हे पाहण्यासाठी १९९९ च्या शरदात एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट नावाचे कॅल्शियमयुक्त खनिज फेकले गेले. मिथेनचे डबे या कॅल्शियम दिलेल्या जंगलातही होते आणि शेजारच्या जशाच्या तशा ठेवलेल्या जंगलातही.

आता अपेक्षा काय होती ते पाहू. कायद्यामुळे ईशान्य अमेरिकेत पावसातून पडणारे नत्र लक्षणीय घटले. हवेतला मिथेन वाढला, म्हणजे जीवाणूंच्या पुढ्यातले ताटही वाढले. तापमान वाढले. पुस्तकातल्या सगळ्या नियमांनुसार शोषण वाढायला हवे होते. २०१८ मध्ये शियांगयिन नी आणि ग्रॉफमन यांनी अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दोन दशकांचे आकडे मांडले. बाल्टिमोरच्या शहरी जंगलात शोषण ६२ टक्क्यांनी घटले होते, बाहेरच्या जंगलात ५३ टक्क्यांनी. हबर्ड ब्रूकमध्ये कॅल्शियम दिलेल्या जंगलात ७४ टक्क्यांनी आणि जशाच्या तशा जंगलात तब्बल ८९ टक्क्यांनी. नत्राची गोष्ट इथे उलटी पडते. नत्र घटल्यावरही घट झाली. शहर-खेड्याचा फरकही निर्णायक ठरत नाही, दोन्हीकडे घट आहे. कॅल्शियमचाही नाही. चारही जागांना समान असलेला संशयित उरतो तो पाणी. १९५८ ते २०१२ या काळात अमेरिकेच्या ईशान्य भागात अतिजोरदार पावसाच्या सरींतून पडणाऱ्या पाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक वाढल्याची नोंद राष्ट्रीय हवामान मूल्यांकनात आहे. नी आणि ग्रॉफमन यांनीही घटीचा संबंध वाढत्या पावसाशी आणि मातीतून वाहणाऱ्या वाढत्या पाण्याशी जोडला. आपल्या भाषेत सांगायचे तर जंगलाला वाफसा कमी दिवस मिळू लागला.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळे फार किरकोळ आहे. एक हेक्टर जंगल, दिवसाला चौरस मीटरमागे एक मिलिग्रॅम या दराने, वर्षभरात चार किलोहूनही कमी मिथेन शोषते. अमेरिकेतली एक दुभती गाय वर्षाला शंभर किलोहून अधिक सोडते. म्हणजे एका गाईची भरपाई करायला पंचवीसहून अधिक हेक्टर जंगल हवे. हवेतला बहुतेक मिथेन हायड्रॉक्सिल नावाचा अल्पायुषी घटक हवेतच नष्ट करतो, मातीचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. हे सगळे खरे आहे. पण मिथेनची समस्या एकूण रकमेची नाही, शिलकीची आहे. वर्षाला पाचशे सत्तर-ऐंशी दशलक्ष टन येतो आणि जवळपास तितकाच जातो. हवेत साठत जातो तो दोहोंतला फरक, काही वर्षी पंधरा दशलक्ष टनांच्या आसपास, काही वर्षी चाळीसहून जास्त. ३० दशलक्ष टनांची खर्चाची बाब या शिलकीच्याच मापाची आहे. तिच्यात निम्म्याने चूक असेल तर उगमांवर लावलेले दोषारोपही पुन्हा तपासावे लागतील.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. चार जंगले म्हणजे जग नव्हे, आणि वेग कमी झाला की डब्यातले मोजमापच लटपटते, हे वर म्हटलेच आहे. मात्र यंत्राची अनियमित चूक दोन्ही बाजूंना होते. तिच्यामुळे आकडे विखुरतात, वीस वर्षे एकाच दिशेने घसरत नाहीत. चार वेगवेगळ्या जागी तर नाहीतच. चार जंगलांची घट म्हणून मला खरी वाटते. त्याच निबंधातल्या दुसऱ्या दाव्याबद्दल मात्र तेवढी खात्री बाळगता येत नाही. जगभरच्या प्रसिद्ध मोजण्या एकत्र करून १९८८ ते २०१५ दरम्यान जंगलांच्या मातीचे शोषण सरासरी ७७ टक्क्यांनी घटले, असे त्यात म्हटले आहे. या मोजण्या निरनिराळ्या जागांच्या, निरनिराळ्या हातांच्या. सुरुवातीच्या संशोधकांनी शोषण दिसेल अशा, निचऱ्याच्या जागा निवडल्या असतील आणि नंतरच्यांनी सर्व प्रकारच्या, तर जंगल जसेच्या तसे राहूनही सरासरी घसरेल. शिवाय हवेतल्या मिथेनची वाढ १९९९ ते २००६ या काळात जवळपास थांबली होती आणि २००७ पासून पुन्हा सुरू झाली. खर्चाची इतकी मोठी बाब सतत आटत गेली असती तर मधल्या थांबलेल्या वर्षांचा मेळ लावणे अवघड जाते. म्हणजे ज्या निबंधाचे पहिले अर्धे काम ‘एकाच जागी पुन्हा पुन्हा मोजा’ हे सिद्ध करते, त्याचाच दुसरा अर्धा भाग सुट्या मोजण्यांच्या बेरजेवर उभा आहे.

तिसरा आक्षेप जर्मनीतून आला. तिथल्या नैर्ऋत्येकडच्या जंगलांत मातीत निरनिराळ्या खोलीवर नळ्या रोवून दोन दशकांहून अधिक काळ हवा तपासली गेली, आणि अलीकडेच प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिथे शोषण घटत नसून वाढते आहे. वरवर पाहता हे अमेरिकी निष्कर्षाचे खंडन आहे, आणि बातम्यांत ते तसेच मांडले गेले. पण त्या भागातली माती कोरडी आणि उबदार होत चालली आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये ओल वाढली आणि शोषण घटले. नैर्ऋत्य जर्मनीत ओल घटली आणि शोषण वाढले. दोन्ही मोजण्या एकाच नियमाचे दोन बाजूंनी घेतलेले पुरावे आहेत, आणि डिस्मल दलदलीत १९८०च्या दशकाच्या आरंभी एका दुष्काळाने जे काही महिन्यांत दाखवले, तेच त्या दोन दशके घेऊन दाखवतात. विंध्य परिसरातल्या कोरड्या पानझडी जंगलात बनारस हिंदू विद्यापीठाच्या जे. एस. सिंह यांच्या गटाने १९९०च्या दशकात मोजले, तेव्हाही पावसाळ्यात शोषण मंदावलेले आढळले. खंडन होते ते एकाच समजुतीचे: जंगल आहे म्हणजे अमुक इतके शोषण आहे, ही.

या समजुतीला तडा जात होता त्याच काळात डबे जमिनीवरून खोडांवर चढले. येल विद्यापीठाच्या कनेक्टिकटमधल्या जंगलात क्रिस्टोफर कोव्ही आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की कोरड्या, उंच जमिनीवरच्या धडधाकट दिसणाऱ्या झाडांच्या गाभ्यातही मिथेन साठलेला असतो, हवेपेक्षा कितीतरी दाट. २०१७ मध्ये मेरीलँडमधल्या स्मिथसोनियन केंद्राजवळच्या जंगलात स्कॉट पिट्झ आणि पॅट्रिक मेगोनिगल यांनी खोडांना डबे बांधून मोजले, तेव्हा खोडे तो सोडतानाही सापडली. माती जे घेते त्यातला थोडासा हिस्सा झाडे परत देत होती. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने आणखी वळण दिले: खोड वर चढत जाते तशी साल मिथेन सोडण्याऐवजी शोषू लागते. खोडाच्या बुंध्याला अधिक, शेंड्याकडे वजा. झाडात जळणारा वायू असतो ही गोष्ट मात्र नवी नव्हती. कॅन्ससमधले रसायनशास्त्रज्ञ फ्रान्सिस बुशाँग यांनी कॉटनवूडच्या खोडातून निघणाऱ्या वायूचे पृथक्करण करून त्यात मिथेन असल्याचे तिथल्या विज्ञान अकादमीच्या वार्षिकात १९०७ मध्येच छापले होते, म्हणजे हार्वर्ड फॉरेस्ट सुरू झाले त्याच वर्षी.